पनवेलचा मेहुणा

सोयरेदादांना आयुष्यात अनोळखी माणूस कधी भेटलाच नाही. जन्म उरणच्या कोळीवाड्यातला, जीपचा धंदा पनवेलला, आणि वाटेतल्या प्रत्येक गावात एखादा तरी सोयरा. रस्त्याच्या मोजणीसाठी मी साताऱ्याहून पनवेलला यायचो, तेव्हा त्यांचीच जीप मिळायची. पोलिसाने हात केला की गाडी बाजूला घेता घेता म्हणायचे, "आपलाच हाय." पोलिसाला बिचाऱ्याला हे ठाऊक नसायचं.

साताऱ्यात मात्र त्यांचं कुणीच निघेना. "असं कसं सायेब? नीट आठवा," असं मलाच दटावायचे, जणू मी मुद्दाम लपवतोय.

त्या दिवशी त्यांच्या पुतण्याची हळद होती. नवा कोरा शर्ट घालूनच ते कामावर आले होते. आपटा गावाजवळ मोजणी आटोपत आली आणि माझ्या कमरेतून अशी कळ उठली की मी रस्त्याच्या कडेलाच लोळलो. आता काही लेकीचं तोंड दिसत नाही, असं खरोखर वाटलं. सोयरेदादांनी मला उचलून जीपमध्ये घातलं. पनवेलपर्यंत मी कण्हत होतो आणि ते मला रागे भरत होते. "मरत नाय तुमी. आज हलद हाय, आज कोन मरतंय?"

दवाखान्यात नात्यातल्या माणसाशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. "पेशंटचे कोण तुम्ही?" नर्सने विचारलं. दादा बेधडक म्हणाले, "बायकोचा भाव." माझ्या बायकोला सख्खा काय, चुलत भाऊही नाही. लेकीच्या लग्नात मामा म्हणून कोण उभं राहणार, ही तिची जुनी खंत.

मुतखडा निघाला. इंजेक्शनने कळ थांबली, मी डोळे उघडले तर खोलीभर पिवळे चेहरे! नवरदेव तेवढा घरी ठेवून सगळी हळद मला बघायला आली होती. बायकांनी येताना वाटी आणली होती. दादांच्या गालाला हळद लावली, मग माझ्याही. नर्स ओरडत राहिली.

दुसऱ्या दिवशी बायको धावतपळत आली. नर्स म्हणाली, "काळजी करू नका, तुमचे भाऊ कालपासून बसलेत."

"मला भाऊच नाही हो," बायको म्हणाली.

बाकावरून दादा उठले, गालावरची हळद तशीच. "आता हाय ना, ताय."

बायको आधी हसली आणि मग जी रडायला लागली, ती थांबेचना. माझं दुखणं राहिलं बाजूलाच.

तेव्हापासून मी 'सायेब'चा 'भावजी' झालो. दर भाऊबीजेला दादा सुकटीची पिशवी घेऊन साताऱ्याला यायचे. ओवाळणी कुणाला दिसो न दिसो, भाऊ आल्याचं जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना वासावरून कळायचं.

लेकीच्या लग्नात गुरुजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं." सोयरेदादा तिचा हात धरून निघाले खरे, पण वाटेत वराच्या आजोबांपाशी थांबलेच. "तुमचं गाव कोंचं?" गुरुजी मुहूर्त टळतो म्हणून कासावीस. व्याही माझ्याकडे वळून कुजबुजले, "सख्खे मामा का हे?"

मी तोंड उघडण्याआधीच बायको म्हणाली, "माझा सख्खा भाऊ आहे."