पाठाऐवजी पीठ

मी याद्या करून जगणारी बाई आहे. फ्रीजवर आठवड्याची यादी, पर्समध्ये दिवसाची, आणि प्रार्थनेच्या वहीतसुद्धा विनंत्यांना क्रमांक. त्या वहीतला पहिला क्रमांक चौदा महिने बदलला नव्हता: एस्तेरला बोलू दे. आमची एस्तेर नऊ वर्षांची. घरात अखंड बडबड, पण दाराबाहेर पाऊल पडलं की ओठ मिटलेले. शाळेत, चर्चमध्ये, दुकानात, कुठेच एक शब्द नाही. शाळेने आपल्या परीने सगळं केलं, दोष कुणाचाच नव्हता. पण रोज सकाळी गेटपाशी तिचा गार पडलेला हात सोडणं मला जमेना. शेवटी आम्ही तिचं नाव काढून घेतलं, मी नोकरी सोडली आणि तिला घरीच शिकवू लागले.

त्याने मनाला शांती मिळाली, असं मात्र झालं नाही. उलट भीती वाढली. घरात ती बोलतेच, मग घरातच ठेवून मी तिला बरं करतेय की आणखी कोंडतेय? अशात इथे लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका ख्रिस्ती होमस्कूल को-ऑपबद्दल कळलं. दहा-बारा कुटुंबं दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये जमतात आणि आईवडीलच आळीपाळीने सगळ्या मुलांचा वर्ग घेतात. फॉर्मवर एक प्रश्न होता, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? सगळी व्यवस्था पाहणाऱ्या हेलनने अगदी हळुवारपणे विचारलं, "घरून खूप विरोध झाला असेल ना?" मी म्हटलं, "माझ्या पणजोबांना झाला होता." ती मनापासून हसली आणि म्हणाली, सहा आठवडे येऊन बघा, मग आपण ठरवू. मी घरी येऊन यादीत लिहिलं: सहावा गुरुवार, निर्णय. तोवर एस्तेर बोलली नाही तर आपलं चुकलं, तिला परत शाळेत घालायचं. आपण प्रभूला मुदत घालून देतोय, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

पाच गुरुवार ती माझ्या कोटाची बाही धरून बसली. मुलं चांगली होती, तिला खेळायला बोलवायची, तिच्यासाठी जागा ठेवायची. ती नुसती बघत राहायची. मी घरी येऊन दर वेळी त्या ओळीपुढे फुली मारायची.

सहाव्या गुरुवारी वर्ग घ्यायची पाळी माझी होती. विषय अपूर्णांक. मी रंगीत वर्तुळं कापली, पत्ते केले, प्रत्येक मुलासाठी वेगळा कागद छापला, सगळं एका खोक्यात भरून वर लिहिलं, 'पाठ'. शेजारीच दुसरं खोकं होतं. शनिवारी आमच्या मराठी प्रार्थनासभेत एक मावशी भाकऱ्या करणार होत्या, त्यासाठीचं ज्वारीचं पीठ, परात आणि तवा पोचवणं माझ्याकडे होतं. त्यावर लिहिलं, 'पीठ'. माझा नवरा डॅनियल मँचेस्टरमध्ये जन्मला आणि वाढला. मराठी बोलतो त्याच्या पद्धतीने, वाचतो अक्षर लावून. आम्हाला हॉलपाशी सोडताना त्याने खोकं आत आणून ठेवलं. मी उघडलं, तर आत परात आणि तवा.

"डॅनियल, हे काय आणलंस?"

"तू बोलली ना, पाठवाला खोका आण. मी वाचून आणली."

"अरे, हे पीठ आहे!"

"सेमच तर दिसतो! एक काठी सरळ, एक वाकडी. सॉरी, माझा ट्रेन आहे." आणि तो गेला.

घरी जाऊन यायला वेळ नव्हता. मी हेलनला सांगितलं. ती म्हणाली, "किचन रिकामं आहे. पीठ आहे तर पिठाचंच काही कर." मी पुण्यात पोळ्यांच्या घरात वाढलेली, भाकरी मला कधी धड जमली नाही. मुलं टेबलाभोवती उभी राहिली आणि मी घाईने नळाचं पाणी परातीत ओतलं. पहिली भाकरी थापतानाच फुटली. दुसरी उचलताना हातातच तुकडे झाले. एस्तेर माझी बाही धरून होती आणि मला एवढंच कळत होतं, की शेवटच्या दिवशी मी तिच्यासमोरच हरतेय.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "गार पाण्यात मळतेस काय गं? ज्वारी आहे ती, मैदा नाही!"

काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई आत आल्या. त्याच इमारतीत गुरुवारी ज्येष्ठांचा व्यायामवर्ग असतो. घरी नेणारी गाडी आली नव्हती, म्हणून त्या व्हरांड्यात बसल्या होत्या, आणि थापण्याचा आवाज ऐकून उठल्या. भायखळ्याच्या, बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, लंडनला येऊन उभा जन्म गेलेला. "तुम्ही कोण, येशूवाले?" मी हो म्हटलं. "मग घरचेच की. तो तरी कुणाचा? आमच्यातलाच मुलगा." त्यांनी केटल लावायला सांगितली, उकळतं पाणी घालून पीठ मळलं आणि एस्तेरकडे पाहिलं. "नाव काय म्हणालीस हिचं? एस्तेर? माझ्या आईचं नाव! एस्तेर, तुझी आई हुशार दिसते गं, पण पाणी गार."

एस्तेर फिसकन हसली. मग माझी बाही सुटली. आणि सगळ्यांच्या समोर, स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "आजी, मी थापू?"

आजींना काहीच ठाऊक नव्हतं, त्या आपल्या म्हणाल्या, "थाप की! विचारतेस काय? बोटं मिटून घे." भाकरी फुगली तशी त्यांनी ती मोडून चार तुकडे केले आणि एक शेजारच्या मुलीला दिला. "घे, पाव भाकरी." पाव म्हणजे काय, तिने इंग्रजीत विचारलं. मी तोंड उघडणार तोच एस्तेर हळूच इंग्रजीत म्हणाली, "पाव म्हणजे क्वॉर्टर. दोन पाव मिळून अर्धा." मी सिंककडे वळले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले.

सातव्या गुरुवारी ती पुन्हा गप्प होती. आठव्या गुरुवारी तीन शब्द बोलली. अजूनही असंच, कधी आहे, कधी नाही. पण आम्ही को-ऑपमध्येच आहोत, आणि मी फुल्या मारणं बंद केलं आहे. आजींकडे आम्ही जातो. एकदा मी त्यांना म्हटलं, त्या दिवशी देवानेच तुमची गाडी थांबवली. त्या म्हणाल्या, "असेल बाई. मी मात्र ड्रायव्हरला शिव्या घालत होते." मी वाद घातला नाही. मला जे मिळालं ते मला ठाऊक आहे, आणि त्यासाठी मी रोज गुडघे टेकते. मी मागत होते एक, त्याला तारीखही मीच लावली होती. देणाऱ्याने त्याच दिवशी दिलं, पण माझ्या खोक्यातून नाही, आणि माझ्या हातून तर नाहीच.

डॅनियल म्हणतो, खोक्यांवर आता इंग्रजीत लिही. माझ्यासारख्या बाईने ते कधीच करायला हवं होतं. मी अजून केलेलं नाही.