माप मोठ्यानं सांगायचं नाही

टेलरबाईंच्या दुकानात एक नियम होता, माप मोठ्यानं सांगायचं नाही. कमरेचा आकडा त्या गुपचूप वहीत लिहीत आणि वही मिटून टाकत. बाहेर बाकावर कुणाची जाऊबाई बसलेली असेल, काय सांगावं! तोंडाला असं कुलूप, म्हणून तर बायका दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्याकडे येत.

आज मात्र बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. टेप गळ्यात घालत, काढत, पुन्हा घालत. एकच बाही दोनदा उसवून झाली. सातवा महिना सरत आला होता आणि सकाळपासून तिसरा तांब्या रिकामा झाला तरी तहान म्हणून भागत नव्हती.

"वहिनी, हे काही बरं लक्षण नाही," काजं करता करता नणंद म्हणाली. "मागच्या दोन तपासण्यांना काय म्हणाले?"

"काय म्हणणार? ठीक आहे म्हणाले," म्हणत बाई उगाच सुई शोधू लागल्या.

साफ खोटं. दोन्ही वेळा त्या दवाखान्याच्या आत गेल्याच नव्हत्या. पाळी आणि वजन बिघडवणारं पीसीओएस लग्नाआधीपासूनचं. "वजन उतरवा, मग या," हे इतक्या डॉक्टरांकडून ऐकलेलं, की दिवस राहिले तेव्हा आनंदाआधी धसकाच बसला. त्यात चौथ्या महिन्यात सिस्टरनं भरल्या हॉलमध्ये त्यांचं वजन ओरडून सांगितलं. कुणीतरी फिसकन हसलं. पुढच्या दोन्ही खेपांना दारातच दुसऱ्या कुणा बाईचा आकडा कानावर आला आणि बाईंनी काढता पाय घेतला. बाळ हलतंय म्हणजे सगळं ठीक, अशी स्वतःची समजूत घातली. ती पटत मात्र नव्हती.

नणंदेनं हाताला धरून दवाखान्यात नेलंच.

"रक्तातली साखर फार वाढलीय," रिपोर्टवरून नजर न उचलता डॉक्टरबाई म्हणाल्या. "पीसीओएसमध्ये ही भीती असते, म्हणून तर बोलावलं होतं. बाळाची काळजी नाही का तुम्हाला?"

बाईंना राग आला, सणसणीत.

"आले होते मी. दोनदा. दारापर्यंत."

"मग?"

"दारात आकडे ऐकू येतात, डॉक्टर."

तेवढ्यात बाहेरून सिस्टर ओरडली, "ब्याण्णव!"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. हा आवाज रोजच या खोलीत येत होता. त्या उठल्या, वजनकाटा आत आणायला सांगितला, दार लोटलं.

"आता रोज साखर तपासायची, दर आठवड्याला यायचं. बहुतेक सगळं नीट होईल."

"बहुतेक?"

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. आवाज अगदी खाली आला.

"बहुतेक."