कॉलेजची मागची बाजू

जनूकाका कुठल्याही नव्या इमारतीत पुढच्या दाराने कधी शिरत नसत. आधी वळसा घालून मागे जायचे. तिथे काय पडलंय, कोण बसलंय, सांडपाणी कुठे जातंय, हे सगळं डोळ्यांखालून घालायचे आणि मगच पुढे येऊन चपला काढायचे. पालघरला एखादं नवं दुकान निघालं तरी तेच, कुणाकडे स्थळ बघायला गेले तरी तेच. केळव्याच्या एका घरी ते पाहुणे म्हणून गेले आणि पोह्यांच्या बशा घेऊन यजमान त्यांना शोधत राहिले. काका परसात सापडले. घरच्या कुत्र्याने त्यांचं धोतर धरून ठेवलं होतं. याबद्दल कुणी विचारलं की म्हणायचे, "पुढून तर सगळेच झाडतात. मागून कोन झाडतो ते बगावं."

शिरगावात त्यांची वाडी आमच्या घराला लागून होती. नारळ, केळी, पानवेली. स्वतः चौथी शिकलेले, अंगाने काटकुळे, आवाज मात्र विहिरीतून बोलल्यासारखा घुमणारा. त्यांची मुलगी सुमन आणि मी एका वर्गात. दोघी एस.टी.ने पालघरच्या हायस्कुलात जायचो. मुलींनी मॅट्रिक व्हावं असं काकांना वाटत होतं, पण त्यापुढचा विचार त्यांनी केला नव्हता. तो विचार तारापूरहून आला.

तिथे अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं ते दिवस. काकांची बहीण कुंभवलीला दिलेली आणि मेहुणे त्या कामावर. एकदा बहिणीकडे गेलेले काका मेहुण्यांबरोबर काम बघायला गेले. परतले ते थेट आमच्या ओटीवर.

"मास्तर," ते माझ्या बाबांना म्हणाले, "एक पोरगी बगून आलो."

"कुणासाठी?" बाबांनी विचारलं.

"कुनासाठी नाय. ती रेती तपासते."

मग हळूहळू उलगडा झाला. तिथे एका खोलीत रेती आणि सिमेंट तपासत होते. विशी-बाविशीची एक मुलगी टेबलाशी बसली होती. रेतीचा ठेकेदार समोर उभा, चांगला मिशीवाला. तिने रेती ढवळलेलं बाटलीतलं पाणी उजेडात धरून बघितलं आणि सांगितलं, "इसमें मिट्टी ज़्यादा है, वापस ले जाओ." ठेकेदार आधी हसला, मग गयावया केली, मग दोन ट्रक वळवून निघून गेला.

"दोन ट्रक परतवले तिनं, मास्तर. आवाज नाय चढवला, खुर्चीवरून उठली नाय." काकांनी चंचीतून पान काढलं. "आमी एक बैल परतवायचा तर सगळा गाव गोळा करतो. मी तिला इचारलं, बाय, कुठं शिकलीस? म्हनाली, मुंबईला, सायन्स कालेजात."

झालं. आमच्या दोघींचं सायन्स त्या दिवशी ठरलं. आम्हाला कुणी विचारलं नाही. मला ते हवंच होतं, म्हणून न विचारल्याचं मला काही वाटलं नाही. सुमनही काही बोलली नाही.

निकाल लागला. दोघी पास. मला मार्क बरे होते, सुमनला बेताचे. त्याच आठवड्यात सफाळ्याचे माझे मामा एक स्थळ घेऊन आले. मुलाचं स्टेशनजवळ किराणा दुकान होतं आणि मामांच्या मते त्याच्यात एकच खोट होती, तो कमी बोलायचा. आई म्हणाली, ही खोट नव्हे, गुण आहे. बाबांनी दोन्ही बाजू राखल्या. म्हणाले, "कॉलेजात प्रवेश मिळाला तर शिकेल, नाहीतर लग्न करून टाकू."

प्रवेश मिळवायचा तर मुंबईला जायला हवं, आणि तिथेच अडचण होती. बाबा गावच्या मराठी शाळेत मास्तर. वर्गात वाघ आणि कचेरीत शेळी. अक्षर मोत्यासारखं, पण खिडकीपलीकडे कारकून दिसला की त्यांचा घसा सुकायचा. तेव्हा दोघांनी काम वाटून घेतलं. अर्ज बाबांनी लिहायचे आणि ते घेऊन जनूकाकांनी जायचं. काकांनी एकच अट घातली. "कालेज मी आधी बगनार. पटलं तरच अर्ज देनार."

पहिल्या खेपेला आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. काकांच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला केळीचा घड. "शाळेत नाव घालायला गेलो तवा मास्तरला नारळ दिलेला. कालेजात रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

पहिलं कॉलेज दगडी, भव्य, समोर कारंजं. माझी तर मान वर करूनच दुखायला लागली. काका आम्हाला पायरीवर बसवून मागे गेले आणि दहा मिनिटांनी मान हलवत आले.

"मागं बाकांचा ढीग पडलाय. सगळी मोडकी. पोरं शिकतात का कुस्ती खेळतात?"

"काका, सायन्ससाठी हेच सगळ्यात चांगलं आहे म्हणतात," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"म्हनतात कोन? बाकं तर तसं म्हनत नाय."

दुसऱ्या कॉलेजात ते मागे गेले ते तासभर आलेच नाहीत. एक म्हातारा शिपाई त्यांना भेटला होता. काकांच्या वाडीतलं पान आणि त्याच्या डबीतला चुना, अशी बैठक जमली होती. येताना काका जी माहिती घेऊन आले ती कॉलेजच्या माहितीपुस्तकात कुठे छापलेली नव्हती. "हितला रसायनाचा मास्तर तीन म्हयने रजेवर हाय. दुसरा नेमलेला नाय. पोरं तो तास झाडाखाली काढतात. चला." रसायन हाच माझा आवडता विषय होता.

अर्ज जसेच्या तसे घेऊन आम्ही घरी आलो. ओटीवर मामा बसलेले होते. मुलाकडची मंडळी रविवारी मला बघायला येणार होती. अर्ज देण्याची मुदत शनिवारी संपत होती. आईने रविवारसाठी रवा भाजायला घेतला होता.

शुक्रवारी दुसरी खेप. या वेळी नवा घड, पहिल्यापेक्षा मोठा. मुलींचं कॉलेज, आवारातच वसतिगृह. मी गाडीत काकांना स्वच्छ सांगितलं, "काका, इथे नाही म्हणालात तर परवा मला साडी नेसून बाहेर यावं लागेल." काका खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, "नाय तर नायच म्हनायचं ना गो. पन हाय असेल तर हाय म्हनीन."

आणि ते घड घेऊन मागे गेले.

थोड्या वेळाने मागून एका बाईचा चढा आवाज ऐकू यायला लागला. आम्ही दोघी धावत गेलो. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या दारात एक ठेंगण्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या तिथल्या मेट्रन. त्यांच्यासमोर जनूकाका, खांद्यावर घड, मान खाली.

"मागच्या खेपेची निम्मी केळी कच्ची होती," मेट्रनबाई म्हणत होत्या. "मुलींनी खायची का लोणचं घालायचं? आणि त्याआधीच्या खेपेला डागाळलेली. तुला वाटतं मुली परगावच्या आहेत, कोण विचारणार? मी विचारणार."

"बरोबर हाय बाई," काका म्हणाले.

"उतरव तो घड. बघू दे."

काकांनी घड उतरवला. बाईंनी एकेक फणी उलटून पाहिली, एक केळं सोलून खाल्लं आणि थोड्या नरमाईने म्हणाल्या, "आज बरी आणलीस. अशी आणत जा."

मी पुढे होऊन गैरसमज दूर करणार होते, पण काकांनी मला डोळ्यांनी थांबवलं. आम्हाला बाजूला घेऊन ते म्हणाले, "हितं अर्ज द्यायचा. जी बाई केळ्यासाठी एवढी भांडते ती पोरींना उपाशी नाय ठेवनार." आणि लगेच पुढच्या दाराकडे निघाले. घड स्वयंपाकघरातच राहिला, म्हणून प्रिन्सिपलबाईंकडे आम्ही रिकाम्या हातांनी गेलो.

प्रिन्सिपलबाई पांढरी साडी नेसलेल्या, शांत. त्यांनी पालकांना काही विचारायचं आहे का म्हणून विचारलं. शिष्टाचार म्हणून विचारलं असणार. काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"बाई, गेल्या सालात पोरी किती आल्या न किती रडत परत गेल्या?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "दोन गेल्या. एक चार दिवसांनी परत आली."

"न दुसरी?"

"तिचं लग्न ठरलं होतं."

"म्हंजे ती घरी जायचं म्हनून रडत होती."

"हो," बाई म्हणाल्या. "तिला जायचं नव्हतं."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण अर्ज बाईंच्या पुढ्यात सरकवले. बाईंनी ते वाचले. माझा बाजूला ठेवला. सुमनचा हातात धरून त्या म्हणाल्या, "हिला सायन्सला घेता येणार नाही. मार्क कमी आहेत. आर्ट्सला देते जागा."

सुमन दौतीकडे बघत होती. मला वाटलं, संपलं. स्वतःच्या मुलीला मिळत नसताना कोण कशाला शेजाऱ्याच्या मुलीसाठी मुंबईच्या फेऱ्या घालेल? काका अर्जाकडे बघत राहिले. बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात सुमनचं नाव होतं.

"हिचं लिवून घ्या," माझ्याकडे बोट करून ते म्हणाले. "माझी माझ्यासंगती येईल."

मग स्थानिक पालकाचा प्रश्न निघाला. मुंबईत राहणारं कुणी हवं, असा नियम होता. काका म्हणाले, "मी हाय ना."

"तुम्ही शिरगावला राहता."

"सकाळची गाडी धरली तर दुपारी हजर. मुंबईत राहनारा तरी त्याहून लवकर येतो का?"

बाई पहिल्यांदा हसल्या आणि फॉर्म पुढे केला. काकांनी जिभेचं टोक दातात धरून, दोन ओळींची जागा व्यापत सही केली. रविवारी मुलाकडची मंडळी आली, रव्याचे लाडू खाऊन गेली. मुलगी कॉलेजात जाणार असल्याचं बाबांनी त्यांना स्वतः सांगितलं. माझ्या आठवणीत बाबांचा घसा न सुकलेला तो पहिला प्रसंग.

पण मला सांगायचं आहे ते शुक्रवारचंच. पालघरला उतरल्यावर एस.टी.ला वेळ होता. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. काका सुमनला समजावायला लागले, की पुढच्या वर्षी परत बघू, मार्कांचं काय, मास्तर शिकवतील.

सुमन म्हणाली, "बाबा, मला सायन्स नको होतं."

"मग?"

"मला नर्स व्हायचंय. आठवीपासून."

काकांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. "आठवीपासून," ते म्हणाले. "न मी तीन कालेजांच्या मागं कशाला फिरलो?"

"तुम्ही इतके खुशीत होतात. मला मोडवेना."

एक मालगाडी गेली. तिचा शेवटचा डबा गेल्यावर काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "मी तुला इचारलंच नाय गो." त्या घुमणाऱ्या आवाजाला इतकं लहान झालेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

पुढच्याच आठवड्यात ते सुमनला घेऊन मुंबईच्या एका इस्पितळात गेले. नर्सिंगची शाळा तिथेच होती. सवयीप्रमाणे सुमनला पायरीवर बसवून मागे गेले. इस्पितळाच्या मागे शवागार असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काका पांढरेफटक होऊन परतले, नळावर तोंड धुतलं आणि मुलीला म्हणाले, "चल, हितं पुढूनच जाऊ." सुमन तीन वर्षांत नर्स झाली आणि पालघरलाच नोकरीला लागली. माझी चार वर्षं काका महिन्यातून एकदा वसतिगृहात यायचे, घड घेऊन, मागच्या दाराने. ते केळेवाले नव्हेत हे मेट्रनबाईंना कळायला वर्ष लागलं. कळल्यावर त्या ओशाळल्या, पण फण्या उलटून बघायचं काही सोडलं नाही.

हळूहळू गावोगावच्या मॅट्रिकच्या मुलांना घेऊन आईबाप काकांकडे यायला लागले. काकांनी एक पद्धत पाडली. मुलाला किंवा मुलीला तेवढं वाडीत घ्यायचं, आईबापांनी कुंपणाबाहेर थांबायचं. उन्हात उभे राहणाऱ्यांची दया येऊन काकूंनी तिथे एक बाक टाकला. आत काय बोलणं व्हायचं ते कुणी सांगत नसे. बाहेर आल्यावर काका आईबापांना एवढंच म्हणायचे, "आता तुमी इचारा. न उत्तर येस्तोवर गप बसा."

काका गेले त्याच्या आदल्या वर्षी मी माझ्या मुलीला घेऊन शिरगावला गेले. ती मॅट्रिक झाली होती. तिला डॉक्टर करायचं, कुठल्या कॉलेजात घालायचं, हे मी ठरवून आले होते. काकांच्या पाया पडायचं आणि परतायचं. काका फार थकले होते. काठी टेकत आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "निमे, तू बाहेर बस."

मी सायन्सची पदवीधर, वीस वर्षं प्रयोगशाळेत नोकरी केलेली. मुकाट्याने जाऊन बाकावर बसले. शेजारी सातपाटीचा एक मच्छीमार बसला होता. त्याचा मुलगा नुकताच आत जाऊन आला होता आणि समोर सायकल पुसत होता. दोघांमध्ये काही बोलणं झालेलं दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने मच्छीमाराने माझ्याकडे वळून विचारलं,

"तुमचं कोन हाय आत?"

"मुलगी."

"काय व्हायचंय तिला?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मला माहीत नव्हतं.