होडी कोण धरतलो?

माझ्या वडिलांनी मला फसवलं. बोटवाला त्यात सामील होता.

बाबा वेंगुर्ल्याचे. तिथे समुद्रात आत, खडकांवर दीपगृह आहे. त्यावरच्या माणसांना रेशन पोचवणाऱ्या होडीवर ते खलाशी होते. उन्हाळ्यात त्या खडकांवर सुरय पक्षी झुंडीने अंडी घालतात. बाकीचे उतरायचे, सामान वर न्यायचे, पक्षी बघून यायचे. होडी खडकावर आपटू नये म्हणून बाबा दोरी धरून खालीच. नोकरीची सगळी वर्षं. "वरसून नुसतो कलकलाट आयकलंय," एवढंच सांगायचे.

म्हणून ते इकडे परदेशात, पार्सिपनीला माझ्याकडे आले तेव्हा मी ठरवलं, यांना एकदा उतरवायचंच. मेन राज्याच्या किनाऱ्यापासून लांब एक बेट आहे. तिथे खडकांच्या फटींत पफिन नावाचे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी पिल्लं वाढवतात. दिवसाला मोजक्याच माणसांना उतरू देतात आणि उन्हाळ्याच्या जागा हिवाळ्यातच भरलेल्या. समोरचा 'नाही' म्हणाला की माझं बोलणं सुरू होतं; या देशात रिकाम्या हाताने आलो आणि उभा राहिलो तो त्याच जोरावर. बोटवाल्याला रोज फोन केला. एकदा ओरडलो, दोनदा माफी मागितली. शेवटी कुणीतरी कॅन्सल केलं आणि दोन जागा मिळाल्या.

बेटाजवळ मोठी बोट थांबली. पुढे छोट्या होडीतून दोन खेपा.

"तू फुडे जा, झिला. मी दुसऱ्या खेपेक येतंय," बाबा म्हणाले. "शेवाळ आसा. लाट वर इली की पाय टाक."

मी गेलो. पक्षी बघायला तिथे लाकडी खोपी आहेत. एकदा आत बसलं की वेळ संपेपर्यंत बाहेर यायचं नाही, पक्षी बिथरतात. दुसऱ्या खेपेची माणसं आत आली. त्यांत बाबा नव्हते.

"तुझे वडील ना? ते होडी धरून बसलेत," एक बाई हसत म्हणाली.

मी उठलो. तिथली राखणदार दारात आडवी आली. मी भांडलो, ती हलली नाही. छपरावर पफिनची पावलं टपटप वाजत होती. हातभर अंतरावर एक जण चोचीत चकचकीत मासे आडवे धरून उभा होता. आणि मी भलत्याच फटीतून खाली बघत होतो. खडकाशी होडी, होडीत बोटवाला आरामात टेकलेला, दोरी बाबांच्या हातात. भोवती सीलची डोकी पाण्यावर आलेली, मिशा ओल्या, पारावर जमलेल्या म्हाताऱ्यांसारखी. बाबा त्यांच्याशी काहीतरी बोलत होते.

होडीत पाय ठेवताच मी ओरडलो, "बाबा, का नाही उतरलात?"

"मग होडी कोण धरतलो?" ते म्हणाले. थोड्या वेळाने हळूच, "कशे होते रे पक्षी? सांग मरे."

मी सांगितलं नाही. बोटीवर नाही, घरापर्यंतच्या लांबलचक ड्राइव्हमध्येही नाही. व्हिसाचे सहा महिने संपले, ते वेंगुर्ल्याला परत गेले. फोनवर त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, पुढच्या वर्षी स्वतःच बघा. जानेवारीत ते वारले.

यंदा बोटवाल्याला फोन केला, भांडायलाच. तो म्हणाला, "त्यांनी गुडघ्यावर हात मारला, मान हलवली आणि माझ्या हातातली दोरी घेतली. मला वाटलं, तुला माहीत असेल." एकाला इंग्रजी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी; तरी माझ्या पाठीमागे दोघांचं जमलं.

गुडघ्याच्या दुखण्याचं आधी कळलं असतं तर मी एकटा उतरलोच नसतो, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं.

पण ठरलं होतं ते तुम्हाला उतरवायचं, बाबा. मला न विचारता तुम्ही ते फिरवलंत. याचा जाब मला पाहिजे. आधी तुम्ही बोला. मग मी सांगतो, छपरावर किती होते, आणि त्या मासेवाल्या पफिनने मान वाकडी करून माझ्याकडे कसं बघितलं ते.