टिकलीच्या वाटणीचा चीक

दिनकर माळी हा बगरूच्या पुढच्या एका डेअरीत वासरांचा माणूस होता. बाकी सगळी माणसं गाईंची. दूध काढणारे गाईंचे, डॉक्टर गाईंचे, मॅनेजर तर दुधाचाच. गाईपासून वेगळी केलेली वासरं मात्र एकट्या दिनकरची. तासगाव सोडून जयपुरात येऊन त्याला एकोणीस वर्षं झाली होती. हिंदी तो गरजेपुरतं बोलायचा, पण वासरांशी मराठीच. 'भैया, ये समझते हैं क्या?' असं कुणी चिडवलं की म्हणायचा, 'तुमसे जादा समझते हैं.'

पावडरीचं दूध कालवावं तर त्यानंच. लिटरभर पाण्याला सव्वाशे ग्रॅम, तेही काट्यावर तोलून. अंदाजपंचे कारभार त्याला खपत नसे. पाणी चांगलं गरम घ्यायचं, रवीनं घुसळून एक गुठळी राहू द्यायची नाही, आणि वासराच्या तोंडाशी जाईपर्यंत दूध अंगाच्या उबेवर आलेलं हवं. नवं वासरू बादलीत तोंड घालत नाही. मग दिनकर दोन बोटं त्याच्या तोंडात द्यायचा, ते चोखायला लागलं की हात हळूहळू दुधात बुडवायचा आणि अलगद बोटं काढून घ्यायचा. 'पी गं बाई, पी,' एवढंच पुटपुटणं चालायचं.

पण ही पावडर चौथ्या दिवसापासून. आधी आईचा चीक, आणि पहिला चीक तर जन्मल्यावर दोन तासांच्या आत, पोटभर. त्यातच वासराचं पुढचं सगळं बळ असतं. पावडर कितीही भारी आणली तरी ते बळ तिच्यात नसतं. या बाबतीत दिनकर साक्षात देवाचंही ऐकणारा नव्हता.

आता हे जयपुरातल्या मराठी माणसांना कोण सांगणार? त्यांना डेअरीत आपला माणूस आहे म्हटल्यावर खरवसच आठवायचा. बनी पार्कात राहणारे उत्तमराव दरवर्षी गणपतीच्या आधी फोन करायचे, 'दिनकर, फार नको, तांब्याभर चीक दे रे.' दिनकर म्हणायचा, 'वासराला विचारून सांगतो.' आणि वासरू एकोणीस वर्षं नाहीच म्हणत आलं होतं. मराठी मंडळात त्याला चिकट म्हणायचे. त्याची बायको विनया हे ऐकून खुदुखुदु हसायची.

त्या हिवाळ्यात विनयाचं हसणं थांबलं. जयपुरातल्या मानसरोवर भागातल्या त्यांच्या खोलीपासून जवळच्याच इस्पितळात तिला दाखल करून केमो चालू होती. तिसऱ्या डोसनंतर तोंडाची चवच गेली. काहीही खाल्लं तरी लोखंड चाटल्यासारखं लागायचं. ती पाण्याचे घोट घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टरीणबाईंनी दिनकरला बाजूला घेऊन सांगितलं, वजन असंच उतरत गेलं तर पुढचा डोस देता येणार नाही. त्या जे मागतील ते द्या.

ती काही मागतच नव्हती. आणि एका दुपारी आपणहून म्हणाली, 'अहो, खरवस खावासा वाटतोय.'

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत एक गाय व्याली. पहिलारू होती, चीक निघाला जेमतेम तीन लिटर. साठवणीतला चीक आदल्याच आठवड्यात संपला होता. कपाळावर टिकलीएवढा पांढरा ठिपका असलेली तांबडी कालवड पेंढ्यावर थरथरत उभी राहू पाहत होती. दिनकरनं तिला बाटलीनं एक लिटर पाजला. ती आणखी मागत होती, बाटलीला ढुशा देत होती. दिनकरनं उरलेले दोन लिटर किटलीत ओतले आणि झाकण लावलं. एकदाच, असं तो स्वतःला म्हणाला. संध्याकाळचं दूध आहे, मग पावडर आहे, आपण आहोत. एकोणीस वर्षांत एकदा.

घरी जाऊन त्यानं चिकात गूळ घातला, वेलदोडा घातला, कुकरमध्ये उकडला. खरवस असा घट्ट बसला की ताटलीत वडी थरथरली नाही. इस्पितळात विनयानं चमचाभर तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला आणि कसाबसा गिळला.

'लोखंडच,' ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. 'तुम्ही एवढा केलात, आणि मला...' डबा वॉर्डातल्या बायकांनी संपवला. वाहवा केली.

मग तिनं विचारलं, 'वासराला पुरला ना हो?'

'पुरून उरला,' दिनकर म्हणाला.

'कालवड आहे का? दिसायला कशी आहे?'

त्यानं ठिपक्याचं सांगितलं. विनयानं तिथल्या तिथं नाव ठेवलं, टिकली. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज पहिला प्रश्न टिकलीचा. किती प्याली? बादलीनं पिते का? तो सांगायचा, 'दोन लिटर सकाळी, दोन संध्याकाळी.' विनया म्हणायची, 'ती पिते तर मग मला वाटीभर पेज द्या.' आणि नाक मुरडत, डोळे मिटून ती पेज संपवायची.

टिकलीला पाचव्या दिवशी हगवण लागली. डॉक्टरांनी सलाइन लावलं. दिनकर तिच्यापाशी बसून राहिला, तोलून मापून कालवलेलं दूध घेऊन, दोन बोटं तिच्या तोंडात देऊन. तोंड गार पडलं होतं. सातव्या दिवशी सकाळी तिनं बोटं चोखणं थांबवलं. डॉक्टरांनी विचारलं, 'पहिला चीक दिला होता ना?' दिनकर हो म्हणाला. त्याच्याकडून एकोणीस वर्षांत हे उत्तर कधी खोटं आलं नव्हतं, म्हणून कुणी पुढे विचारलंही नाही. तो गोठ्यामागे जाऊन हमसून हमसून रडला.

संध्याकाळी विनयानं विचारलं, 'किती प्याली?'

'अडीच लिटर,' तो म्हणाला.

ती दीड वाटी पेज प्याली.

असे बारा दिवस गेले. मेलेली कालवड रोज दूध पीत होती, आणि विनयाचं वजन पाव पाव किलोनं चढत होतं. शेवटी डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, उद्या घरी जा. दुसऱ्या दिवशी विनयानं साडी नीट केली, केस नसलेल्या डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, 'आधी घरी नको. रिक्षा बगरूला न्या. मला टिकली बघायचीय.'

दुसरी एखादी तांबडी कालवड दाखवता आली असती. तसा विचार त्याच्या मनात येऊनही गेला. पण ती कपाळ बघणार, हे त्याला ठाऊक होतं. तो पलंगाच्या कडेला बसला.

'ती गेली, विनया. सातव्या दिवशीच. चीक तिला पुरला नव्हता. तीनातल्या दोन वाटण्या मी तुझ्यासाठी काढल्या.'

 विनया ओरडली नाही, रडलीही नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

'सांगायचं होतंत हो तेव्हाच,' ती शेवटी म्हणाली. 'खरवस कसाही लागला असता तरी सगळा खाल्ला असता मी.'