दहापैकी पाच

डॉक्टर "बसा" म्हणाले आणि आमचे हे बसले. माझ्या एमआरआयची फिल्म भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर लावलेली होती. मणक्यांची करडी रांग, त्यात एका जागी दबलेली नस. डॉक्टरांचं पेन त्या नसेवरून फिरत होतं आणि डोळे ह्यांच्याकडे होते.

"यांना कधीपासून त्रास आहे?"

"दिवाळीपासून," हे म्हणाले.

दिवाळीपासून म्हणे! गणपतीतच कमरेतून निघालेली कळ पोटरीतून पायाच्या करंगळीपर्यंत जाळत गेली होती, आणि मी ओट्याला रेलून मोदक वळत होते.

"दुखणं दहापैकी किती?"

"पाच असेल."

पाच! कशानं मोजलं? पाय माझा, आग माझी. लहानपणी माझं पोट दुखलं की आई सांगायची, बाळंतपणात कळा आल्या तेव्हा सासूबाईंनी सांगितलं. माझं दुखणं कायम दुसऱ्याच्याच तोंडून बाहेर पडत आलंय, आणि दर वेळी थोडं कमी होऊन. त्या फिल्ममध्ये निदान माझी हाडं तरी दिसत होती. खोलीत मी कुणालाच दिसत नव्हते.

"बसताना त्रास होतो?"

"छे, बसायला काही नाही," हे म्हणाले.

माझं डोकं सणकलं. जिच्या पाठीला धरून मी उभी होते, ती रिकामी खुर्ची मी खर्रकन मागे ओढली. दोघांनी दचकून वर पाहिलं.

"डॉक्टर," मी म्हणाले, "मी आल्यापासून उभी आहे."