करंजाचं तेल आणि निळा धागा

पेटलेल्या तेलावर पाणी टाकायचं नसतं, हे मला यांच्या अंगावर बेतलं तेव्हा कळलं. बेंगळुरूत राजाजीनगरच्या मागे ट्रान्सफॉर्मरचा एक कारखाना होता, तिथे हे दुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला होते. एका दुपारी जुन्या ट्रान्सफॉर्मरची टाकी फुटली आणि आतलं तेल पेटून यांच्या हातांवर, मानेवर आलं. कुणीतरी घाबरून बादलीभर पाणी ओतलं, तशी आग आणखीच पसरली. हे वाचले, पण दोन्ही हातांची बोटं आत वळली ती वळलीच. कारखान्याने त्यांच्या बदली मला घेतलं. चौथी शिकलेल्या बाईला काय देणार? प्रयोगशाळेत झाडायचं, पुसायचं आणि बाटल्या धुवायच्या.

माझं माहेर निपाणीकडचं. बेंगळुरूत दहा वर्षं काढली तरी कन्नड बोलताना मला घाम फुटायचा. मराठीतसुद्धा परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द निघत नसे. त्यामुळे बाटल्या धुण्याचं काम मला बरं वाटलं.

प्रयोगशाळेत दोघंच होते. साहेब नागपूरकडचे इंजिनिअर. त्यांचा मदतनीस इथलाच, निवृत्तीला आलेला. मी त्याला अण्णा म्हणायची, तो मला अक्का.

ट्रान्सफॉर्मरमध्ये भरतात ते खनिज तेल, पेट्रोलच्या घरातलं. आतली वीज नको तिथे उडू नये आणि तारा तापू नयेत म्हणून ते लागतं. साहेबांना त्याच्या जागी झाडाचं तेल वापरून बघायचं होतं. त्यांनी करंज निवडलं, ज्याला इथे होंगे म्हणतात. ते खायचं तेल नाही आणि झाडं तर रस्तोरस्ती. दुसऱ्या खात्यातले लोक दारातून डोकावून विचारायचे, सर, आज बोंडा की मिरची भजी? साहेब हसून म्हणायचे, बसा, पहिला घाणा तुमचाच.

एकदा यांची चौकशी करताना साहेब मला म्हणाले, "बाई, हे तेल लवकर पेट घेत नाही. त्या टाकीत हे असतं, तर तुमच्या घरच्यांचे हात कदाचित वाचले असते."

घरी मी ते तसंच सांगितलं. अपघातापासून यांना कशातच रस राहिला नव्हता. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. त्या दिवशी उठून बसले. मग रोज संध्याकाळी मी त्यांच्या हातांना खोबरेल लावायला बसले की विचारायचे, आज किती आकडा आला?

तो आकडा असा. काचेचं एक भांडं होतं, त्यात समोरासमोर दोन पितळी गोळे, मधे बारीकशी फट. भांड्यात तेल भरून वीज हळूहळू वाढवत न्यायची. ज्या आकड्याला फटीत ठिणगी उडेल, तेवढी त्या तेलाची ताकद. करंजाच्या तेलाचा आकडा सुरुवातीला चांगला यायचा. मी घरी येऊन सांगायची आणि हे मान हलवायचे, जणू तेल त्यांनीच काढलं होतं.

खनिज तेलाचं भांडं वेगळं होतं. ते कधी धुवावं लागत नसे, नव्या तेलाने खळबळलं की झालं. करंजाचं भांडं मात्र चिकट व्हायचं. ते साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, उपडं करून, विजेवर तापणाऱ्या कपाटात वाळवायचं. हे काम अण्णाचं. त्याचे गुडघे दुखायला लागले तसं त्याने ते माझ्याकडे दिलं. साहेबांना सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही.

पावसाळ्यात कपाट साहेबांच्या बाटल्यांनी भरून गेलं. ट्रान्सफॉर्मरच्या आत असतात तशी तांब्याची पट्टी आणि कागद तेलात बुडवून ते आठवडेच्या आठवडे तापत ठेवायचे, मग तेच तेल भांड्यात घेऊन तपासायचे. भांड्याला जागा उरली नाही. हवेत ओल, काचेवरचे थेंब जाता जात नव्हते. अण्णा म्हणाला, स्वल्प पुसून घे. मग मी घरून फडकं नेलं. यांच्या जखमांसाठी मी त्यांची जुनी निळी लुंगी फाडून, उकळून, तुकडे करून ठेवले होते. त्याच्याहून मऊ आणि स्वच्छ कापड आमच्या घरात नव्हतं. त्याने मी भांडं आतून पुसलं, गोळेही पुसले. चकचकीत दिसायचे.

आकडा पडायला लागला. एक आठवडा, दुसरा आठवडा. साहेबांची बोलण्याची तऱ्हा बदलली. एक दिवस त्यांनी भांड्यामागे दिवा धरून अण्णाला दाखवलं. मी मागे झाडू घेऊन उभी होते. वीज वाढली तसे तेलातले बारीक तंतू सरकत सरकत फटीत आले आणि या गोळ्यापासून त्या गोळ्यापर्यंत पूल बांधल्यासारखे उभे राहिले. मग ठिणगी उडाली. साहेब म्हणाले, तेल कागद खातंय, हे त्या कागदाचेच तंतू आहेत.

संध्याकाळी मी भांडं धुतलं. एका गोळ्याच्या बुडाशी एक धागा चिकटला होता. तेलात तपकिरी दिसत होता, साबणाने धुतल्यावर निळा झाला.

मी तो बोटावर घेऊन अण्णाला दाखवला. त्याने तो पाहिला. मग म्हणाला, "अक्का, मला चार महिने राहिलेत. तुझ्या घरी एकट्या तुझीच नोकरी आहे. गप्प राहा." मी गप्प राहिले. त्याला दोष देत नाही, गप्प राहणं मला आधीपासूनच येत होतं. दुसऱ्या दिवसापासून फडकं नेणं तेवढं बंद केलं. पण साहेबांनी तपासणी थांबवून अहवाल लिहायला घेतला होता. मी रोज त्यांच्या टेबलाजवळून पुसत जायची. वाक्य तयार असायचं. साहेब, भांडं मी पुसत होते. एवढंच. पुसून परत यायची, आणि घरी यांना सांगायची, अजून निकाल यायचाय.

अहवाल वर गेला आणि तीन-चार महिन्यांनी करंजाचं काम बंद करायचा हुकूम आला. साहेबांनी महिन्याभरात नोकरी सोडली. इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरच्या कंपनीत लागले, तेव्हा सगळेच तिकडे जात होते. शेवटच्या दिवशी ते खोक्यात पुस्तकं भरत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन फडकं टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. अण्णा तोवर निवृत्त झाला होता, तरी त्याचा उल्लेख केला नाही.

साहेबांनी फडक्यातला एक धागा ओढून भिंगाखाली धरला. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?" मी सांगितलं. त्यांनी खिडकीतल्या करंजाच्या तेलाच्या डब्याकडे पाहिलं. झाकण नीट न लावल्यामुळे वर साय धरली होती, खवट वास येत होता.

मी विचारलं, धागा नसता तर तेल पास झालं असतं का?

"झालं असतं किंवा नसतंही," ते म्हणाले. "ते दाट होतंच होतं. पण आता कळणार नाही, बाई." फडकं घडी करून त्यांनी माझ्या हातात दिलं.

घरी आले तर हे वाट बघत बसले होते. काय झालं म्हणून विचारलं. मी खोबरेल घेऊन बसले, त्यांचा डावा हात मांडीवर घेतला आणि म्हटलं, तेल नापास झालं.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "होंगे दिव्यालाच बरं."

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. कुणी भेटायला आलं की तेलाची गोष्ट निघायची. हे सांगायचे, मोठ्या इंजिनिअराने करून बघितलं, झाडाच्या तेलात दम नाही, कागद खातं. पाहुणे मान हलवायचे. मी चहा पुढे करायची. हातात कप धरता येत नसे म्हणून यांना मीच पाजायची आणि ओठांखाली ओघळलेला चहा त्याच निळ्या फडक्याने टिपून घ्यायची.